सतरंजीवरचा गाण्याचा क्लास : चार ते सात वर्षांच्या मुलांना गटात शिकवताना

गाणं शिकलेल्या माणसाला कधी ना कधी कुणीतरी विचारतंच, "आमच्या सोसायटीतल्या मुलांचा क्लास घ्याल का?" आपण हो म्हणून मोकळे होतो. मग पहिला दिवस उजाडतो. समोर बारा मुलं, मधे पेटी, आणि "सा लावा" म्हटल्यावर निघालेले बारा निरनिराळे सा. माझं हेच झालं. सांगलीत एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, विशारद (गाण्याची वरची परीक्षा) झालो म्हणजे चार वर्षांच्या मुलाला शिकवता येणारच, अशा थाटात मी बसले होते. दहाव्या मिनिटाला एक जण पेटीच्या भात्यात बोट घालून पाहत होता, दोघी खिडकीच्या गजांना लटकल्या होत्या आणि एकाला आई हवी होती.

हा लेख अशाच माणसांसाठी आहे, ज्यांना स्वतःला बऱ्यापैकी गाता येतं पण लहानग्यांचा घोळका कधी सांभाळलेला नाही. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पहिल्या वर्षी मुलांचा कान तयार करायचा आणि अंगात लय मुरवायची, बस्स. सरगम, पलटे, रागाची नावं, वहीत लिहून घेणं, हे सगळं एक वर्ष थांबू शकतं.

गट ठरवताना

चार ते साडेपाच वर्षांची मुलं एका गटात, साडेपाच ते सात दुसऱ्या. हे दोन गट एकत्र करायचा मोह होतो, कारण भावंडं असतात आणि आयांना एकच फेरी हवी असते. करू नका. साडेसहा वर्षांच्या मुलीला नियमांचे खेळ हवे असतात. चार वर्षांच्याला नियम म्हणजे काय हेच माहीत नसतं, तो आनंदाने मधून पळत सुटतो. चारच्या आतलं मूल घ्यायचंच असेल तर आई, बाबा किंवा आजीसकट घ्या आणि मोठ्यांनाही गायला लावा.

एका गटात आठ मुलं चांगली. दहा चालतात. बारा झाली की तुम्ही शिकवत नाही, राखण करता. पाचापेक्षा कमी असली तर गटाची ऊब राहत नाही, प्रत्येक मुलाला आपल्याकडेच सगळे बघताहेत असं वाटतं. वेळ चाळीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा. एकदाच तास असला तर मधल्या सहा दिवसांत सगळं पुसून जातं.

संध्याकाळी साडेपाचची वेळ मला सगळ्यात बरी वाटते. दुपारची झोप झालेली असते, खाणं झालेलं असतं आणि खाली खेळायला अजून कुणी बोलावत नसतं. सातनंतर मुलं चिडचिडी होतात. सहामाही परीक्षेचे दिवस, गणपती, दिवाळी आणि मे महिना वजा केला की वर्षात हातात किती तास उरतात ते कॅलेंडर घेऊन आधीच मोजा, फी त्यावर ठरवा. मी तीन महिन्यांची फी एकदम घेते. दर महिन्याला घेतली की प्रत्येक सर्दीबरोबर "या महिन्यात चारच तास झाले ना" असा हिशेब सुरू होतो.

जागा आणि सामान

सोसायटीचा हॉल फुकट मिळतो, पण बहुतेक हॉल म्हणजे फरशी, उघड्या भिंती आणि उंच छत. टाळी वाजवली की तिचे चार तुकडे परत येतात. अशा खोलीत मुलाला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, मग ते ओरडतं, ते ओरडलं की शेजारचंही ओरडतं. जाड सतरंज्या अंथरा, एका भिंतीला जुन्या चादरी किंवा गोधड्या लावा, आवाज करणारा पंखा बंद करून खिडक्या उघडा. हॉलपेक्षा पुस्तकांनी आणि गाद्यांनी भरलेली घरातली खोली गाण्याला कितीतरी चांगली. देवळाचा सभामंडप मिळाला तर पाहा, पण घंटेची सोय मुलांच्या हाताला येणार नाही अशी हवी.

सामान फार लागत नाही. तंबोऱ्याचं ॲप आणि बऱ्यापैकी स्पीकर. एक डग्गा (तबल्याच्या जोडीतला मोठा), किंवा डफ, किंवा दिमडी. पेटी असली तर उत्तम, पण ती तुमच्या पाठीमागे ठेवा, समोर नको. समोर ठेवली की मुलं पेटीकडे बघतात आणि तुमच्याशी नजर जुळत नाही. शिवाय सतत पेटी वाजत राहिली की कान आळशी होतो. सूर पेटी धरते आहे, मग मी कशाला धरू?

मुलांच्या हातात द्यायला खुळखुळे, चिपळ्या, लहान मंजिऱ्या, आणि घासून गुळगुळीत केलेल्या नारळाच्या करवंट्या. करवंट्यांसारखं वाद्य नाही. आवाज गोड आणि मर्यादेत, फुटली तर दुसरी, आणि घरी आजोबांबरोबर बसून घासायचा एक उद्योग. झांजा मात्र बंद खोलीत एकच जोडी आणि तीही शेवटच्या पाच मिनिटांपुरती. आठ मुलांना आठ झांजा देण्याचा प्रयोग मी एकदाच केला.

मुलांची पट्टी

नवीन शिक्षकांची सगळ्यात मोठी चूक इथे होते, म्हणून इथे जरा थांबू.

चार-पाच वर्षांच्या बहुतेक मुलांचा गळा साधारण मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत सहज चालतो (सप्तकातल्या पेटीच्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या डावीकडून मोजल्या की सुरांना ही नावं पडतात). म्हणजे जेमतेम पाच सूर. त्याच्या खाली ती बोलल्यासारखं पुटपुटतात, वर ओरडतात किंवा गप्प होतात. आता गाणाऱ्या बाईची पट्टी, म्हणजे ती ज्या सुराला सा मानते तो सूर, बहुतेक वेळा काळी चार किंवा काळी पाच, आणि ती खालच्या बाजूची. तुम्ही तुमच्या काळी चारचा सा लावून "सा रे ग" म्हणता तेव्हा ते तीनही सूर मुलाच्या गळ्याच्या तळाशी, किंवा त्याहून खाली, असतात. मूल प्रामाणिकपणे तुमची नक्कल करतं, सूर लागत नाही आणि घरी निरोप जातो की "याला सूर कळत नाही."

उपाय साधा आहे. तुमच्या मध्यमाला, म्हणजे म ला, मुलांचा सा करा. काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक. तंबोऱ्याचं ॲप काळी एकवर लावा (बहुतेक ॲपमध्ये ते सी शार्प म्हणून दिसतं), आणि सा ते प, फार तर ध, एवढ्यातच सगळं ठेवा. पांढरी एक किंवा पांढरी दोनही चालेल. पहिल्या दोन-तीन तासांत मुलांचं ऐकून ठरवा. तुम्हाला ते जरा चढं वाटेल आणि हलक्या आवाजात गावं लागेल. तेच हवं आहे, कारण मुलंही मग तसाच आवाज लावतात.

पुरुष शिक्षकांची अडचण वेगळी. काळी एकमध्ये तुम्ही गाता तेव्हा मुलांना एक सप्तक वर गायचं असतं. काही मुलांना ते आपोआप जमतं, पण बरीच मुलं गोंधळतात आणि तुमच्या जाड आवाजामागे खाली घसरायला बघतात. वरच्या सप्तकात हलक्या, खोट्या आवाजात म्हणून दाखवा. लाज वाटते, पण मुलांना त्यात काही गंमत वाटत नाही, आपल्यालाच वाटते. नाहीतर गटातल्या सुरेल मुलीला पहिली ओळ म्हणू द्या आणि बाकीच्यांना तिच्या मागे.

आणि "मोठ्याने म्हणा" हे शब्द विसरा. शाळेच्या प्रार्थनेपासून गणपतीच्या आरतीपर्यंत मुलांनी गाणं म्हणजे ओरडणं असंच ऐकलेलं असतं. "शेजारच्या घरात बाळ झोपलंय, त्याला उठवायचं नाही पण गाणं ऐकवायचंय" असं सांगा, आवाज आपसूक सुधारतो.

पहिला तास

पहिल्या तासाला गाणं शिकवायची घाई नको. कुठलाही खेळ सहा-सात मिनिटांच्या पुढे नेऊ नका, तो रंगात असतानाच थांबवा.

मुलं आत येताना तंबोरा आधीच चालू असावा. सगळी गोल बसली की तुम्ही एकेकाला नावाने हाक मारायची, पण प आणि ग या दोन सुरांत. "सऽई" म्हणताना "स" वर प, "ई" वर ग. मुलाने त्याच सुरांत "आऽले" किंवा "आऽलो" म्हणायचं. हे दोन सूर मी मुद्दाम सांगते आहे. संध्याकाळी खाली उभं राहून मुलं तिसऱ्या मजल्यावरच्या मित्राला "खाऽली येऽ" अशी हाक मारतात ना, ती नीट ऐका. बहुतेक वेळा ती पंचमावरून (प) गंधारावर (ग) उतरते. मुलांच्या गळ्यात हे अंतर आधीपासूनच असतं, ते शिकवावं लागत नाही. हंगेरीत झोल्तान कोदाय (1882–1967) या संगीतकाराच्या विचारातून शाळकरी मुलांना गाणं शिकवण्याची जी पद्धत उभी राहिली, तिची सुरुवातही याच दोन सुरांच्या उतरत्या हाकेपासून होते आणि मग पाच सुरांपर्यंत जाते. ते पाच सूर म्हणजे आपल्या भूप रागाचेच, सा रे ग प ध. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गंमत वाटली होती. आपल्याकडे नवशिक्याला भूपच का देतात त्याचं एक उत्तर त्यात मिळालं.

जे मूल उत्तर देणार नाही त्याच्याकडे हसून पुढच्याकडे वळा. दुसऱ्यांदा विचारू नका. लाजणारी मुलं कधीकधी महिनाभर तोंड उघडत नाहीत आणि घरी न्हाणीघरात सगळा तास म्हणून दाखवतात.

मग उठवा. डग्ग्यावर साधा ठेका धरा, मुलं चालतील, ठेका थांबला की मूर्ती. इथे एक बारकी गोष्ट. लहान मुलांची स्वतःची चाल आपल्यापेक्षा बरीच जलद असते. तुम्ही तुमच्या सावकाश लयीत वाजवाल तर त्यांचे पाय तिच्यात पडणार नाहीत. आधी एकेका मुलाला चालायला सांगा आणि त्याच्या पावलांवर तुम्ही वाजवा. आपल्या पावलांबरोबर डग्गा वाजतोय हे कळलं की त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो. सगळ्यांच्या चाली वाजवून झाल्या की मग "आता माझ्या डग्ग्याबरोबर चाला."

दमून बसली की आवाजाचे खेळ. हाताने पतंग वर नेला की आवाज वर, गोता खाल्ला की खाली. कोकिळा, मांजराचं पिल्लू, रुग्णवाहिका, घाटात चढणारी एसटी. हसण्यावारी नेण्यासारखा हा भाग नाही. बोलण्याच्या आवाजातच अडकलेल्या मुलाला वरचा आवाज पहिल्यांदा सापडतो तो असाच.

आता एक छोटं गाणं. ओळीओळीने "माझ्यामागून म्हणा" असं शिकवू नका. पूर्ण गाणं तुम्हीच तीनदा म्हणा आणि प्रत्येक वेळी ऐकायला काहीतरी काम द्या. पहिल्यांदा गाण्यात कुठला प्राणी येतो ते शोधा, दुसऱ्यांदा तो किती वेळा येतो ते बोटांवर मोजा, तिसऱ्यांदा तो आला की टाळी. चौथ्या वेळी ओळीतला शेवटचा शब्द तुम्ही गाळा, मुलंच तो भरतील. पुढच्या तासाला बघाल, अर्धं गाणं पाठ असतं. आणि मुलं म्हणत असताना तुम्ही गप्प राहा. शिक्षक सतत बरोबर गात राहिला तर त्याला स्वतःचंच ऐकू येतं आणि मुलं कुठे घसरली ते कळत नाही.

शेवटची दोन मिनिटं सतरंजीवर आडवं व्हायचं, डोळे मिटायचे आणि नुसता तंबोरा ऐकायचा. पहिल्या दिवशी वीस सेकंदांत कुणीतरी खिदळतं. काही आठवड्यांनी आत यायच्या आधीच विचारतात, "ताई, आज झोपायचं आहे ना?" मग पुन्हा प-ग मध्ये निरोप आणि चपला. सुरुवात आणि शेवट कधीही बदलू नका. मधलं सगळं रोज वेगळं चालेल.

गाणी कुठून आणायची

गाणं निवडताना आधी ते पेटीवर वाजवा आणि सगळ्यात खालचा व सगळ्यात वरचा सूर लिहून काढा. मधे सहा सुरांहून जास्त अंतर असेल तर बाजूला ठेवा, चाल कितीही गोड असो. बरीच लोकप्रिय बालगीतं मोठ्या, कसलेल्या आवाजांसाठी बांधलेली आहेत, त्यांचा अंतरा मुलांच्या गळ्याबाहेर जातो. मुलांना ती ऐकवा, म्हणायला लावू नका. ओळी आखूड, एखादी ओळ परत परत येणारी, ताल सहा मात्रांचा दादरा किंवा आठ मात्रांचा केरवा, एवढं जुळलं की झालं.

खजिना घरातच आहे. बडबडगीतं, पाळणे, आजीला येत असल्या तर ओव्या. पालकांना पहिल्या आठवड्यात सांगा की घरातल्या मोठ्या माणसाकडून एक गाणं आणा, कुठल्याही बोलीतलं. माझ्याकडे मालवणी आलं, अहिराणी आलं, आणि आमच्या सांगलीकडे कर्नाटक लागूनच असल्यामुळे एक कानडी पाळणाही आला. तो सगळ्या गटाला सगळ्यात आधी पाठ झाला, अर्थ कुणालाच कळत नसताना.

भोंडल्याची गाणी तर गटाच्या गाण्याचा आयता नमुना आहेत. अश्विनात पाटावर हत्ती काढायचा आणि भोवती फेर धरून गायचं. पुष्कळ गाण्यांत प्रत्येक कडव्याला एकेक गोष्ट वाढत जाते, त्यामुळे लक्षात ठेवण्याचा खेळ होतो. पाय फेरात पडतात म्हणून लय सुटत नाही. गाणारे आणि ऐकणारे वेगळे नसतात. शेवटी खिरापत ओळखायची. मुलगेही घ्या, काही होत नाही.

पहिले तीन महिने

पहिला महिनाभर फक्त जोड्या ओळखायच्या: वर-खाली, हळू-मोठ्याने, सावकाश-भरभर, सुरू-थांब. शब्दांत व्याख्या नको, अंगाने करायचं.

दुसऱ्या महिन्यात ताल. तबला मुलांच्या हाताला मोठा, पण तबल्याचे बोल तोंडाला फार चविष्ट लागतात. दादऱ्याचे सहा, "धा धी ना, धा ती ना". पहिल्या धा ला टाळी, चौथ्या मात्रेला हात उलटा. मुलांना मी सांगते, पहिल्यांदा पोळीवर तूप लावलं, दुसऱ्यांदा ताट रिकामं दाखवलं. सम आणि खाली हे शब्द नंतर कधीतरी. केरवा पुढच्या पंधरवड्यात, "धा गे ना ती, ना क धी ना", तिथे खाली पाचव्या मात्रेला. अर्धा गट बोल म्हणेल, अर्धा चालेल, मग अदलाबदल. तीनतालाच्या सोळा मात्रा या वयाला लांब पडतात. समेची वाट बघण्याइतका दम चार वर्षांच्या मुलात नसतो.

तिसऱ्या महिन्यात सूर अंगावर चढवायचे. सा म्हणजे गुडघे, रे कंबर, ग खांदे, प डोकं, ध म्हणजे हात वर. खांदे आणि डोकं यांच्यामध्ये मान आहे, ती रिकामी. मुलं विचारतातच, "मानेवर काय?" "म," म्हणायचं, "पण तो गावाला गेलाय." म आणि नी गाळण्यामागे कारण आहे. ग-म आणि नी-सा ही जवळजवळची अर्धी अंतरं लहान गळ्याला नेमकी पकडता येत नाहीत. ती वगळली की उरलेले पाच सूर कसेही उलटसुलट म्हटले तरी कानाला टोचत नाहीत, म्हणून मुलांना स्वतःची चाल करून बघायला भीती वाटत नाही. तुम्ही न बोलता नुसते खांदे, डोकं, खांदे, गुडघे दाखवा. मुलं "ग प ग सा" गातील. मग एका मुलाला मास्तर करा. हा खेळ सुरू झाला की चाळीस मिनिटं कशी गेली कळत नाही. मी सांगितलेली सहा मिनिटांची मर्यादा इथे खुशाल मोडा.

आमच्याकडे एक सोय आहे, ती सगळीकडे नसेल. वर्षातून एकदा मुलांना आणि पालकांना घेऊन मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जायचं. भोपळ्याचा तंबोरा होताना बघायचा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मुलांना त्याचं काय! त्यांना भोपळ्याच्या आत तोंड घालून "सा" म्हणायचं असतं. तुमच्या गावात तबल्याला शाई लावणारा, ढोल मढवणारा, पेटी दुरुस्त करणारा कुणी असेल तर त्याच्याकडे न्या.

ज्याचा सूर लागत नाही ते मूल

प्रत्येक गटात एक-दोन असतात. सगळे प वर, हे खाली कुठेतरी एकाच सुरावर घुमतंय. बेसूर हा शब्द त्याच्यासमोर, त्याच्या आईसमोर, भावंडासमोर, कुठेही काढायचा नाही. तो शब्द ऐकलेली चाळिशीतली माणसं मला भेटतात, अजून वाढदिवसाचं गाणंसुद्धा ओठ हलवूनच म्हणतात.

त्याला तुमच्या सुराकडे ओढू नका. तुम्ही त्याच्या सुरावर जा. तो जिथे घुमतोय तिथेच तुमचा आवाज लावा, नेमका त्याच्याशी मिळवा, आणि तीन-चार सेकंद धरून ठेवा. दोन आवाज एक झाले की कसं वाटतं हे त्याला बहुधा पहिल्यांदाच कळतं. मग तिथून एक सूर वर सरका, तोही सरकेल. नाही सरकला तर उद्या. पतंगाचा खेळ त्याच्याकडून जास्त करून घ्या, गोलात त्याला सुरेल मुलाच्या शेजारी बसवा, एकट्याने म्हणायला लावू नका. काही महिन्यांत बहुतेकांचा सूर जागेवर येतो. सतत सर्दी असेल, हाक ऐकून मान वळत नसेल, तर पालकांना हळूच कान तपासून घ्यायला सांगा. आवाज कायम घोगरा असेल तरीही डॉक्टरांकडे पाठवा. पावसाळ्यात घसा बसलेल्या मुलाला तासाला येऊ द्या, पण त्या दिवशी त्याचं काम करवंटी वाजवण्याचं.

पालक

मुलं सोपी असतात. पालकांचा पहिला प्रश्न, "किती गाणी झाली?" दुसरा, "परीक्षेला कधी बसवणार?" आणि तिसरा, टीव्हीवरच्या स्पर्धेतल्या त्या सात वर्षांच्या मुलीबद्दल.

पहिल्याच दिवशी पालकांना वेगळं बोलावून अर्धा तास बोला आणि त्यांच्याकडून नावाच्या हाकेचा खेळ खेळून घ्या. एकदा स्वतःला प लावायला अवघड गेलं की प्रश्न कमी होतात. परीक्षेबद्दल सरळ सांगा. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, त्या परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्याकडे गावोगाव होतात. पहिली प्रारंभिक, मग प्रवेशिकेच्या दोन, आणि पुढे विशारदपर्यंत. परीक्षा चांगल्या आहेत, मीही त्याच वाटेने आले. पण रागाचे आरोह-अवरोह सांगणं, ताल हातावर धरून बोल म्हणणं, हे सगळं आठ-नऊ वर्षांच्या मुलाला जितकं सहज जमतं तितकं पाच वर्षांच्याला जमत नाही. पाचव्या वर्षी ते पाठांतर होतं, गाणं होत नाही.

घरी रियाज सांगू नका. व्हॉट्सॲपच्या गटावर त्या आठवड्याचं गाणं मुलांच्या पट्टीत, फक्त तंबोऱ्याबरोबर, तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून टाका. शाळेच्या रिक्षात जाता-येता, जेवताना, झोपताना लावलं की पुरे. पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव" चा आग्रह करू नका, एवढं मात्र बजावून सांगा. तासाचे व्हिडिओ काढायचे की नाही, कुठे टाकायचे, हे सगळ्या पालकांकडून लेखी विचारून घ्या. मी काढूच देत नाही, कॅमेरा दिसला की निम्मी मुलं गाणं सोडून नाचतात. तासाला दुसरं एखादं मोठं माणूस हजर असावं, दार उघडं असावं, आणि मुलाला घ्यायला कोण येणार ते वहीत लिहिलेलं असावं. मदतीला एक आजी मिळाल्या तर देवच पावला. शू, पाणी, नाक, रडू, सगळं त्या बघतात.

परदेशातल्या नातवंडांसाठी "ऑनलाइन घ्या ना" अशी विनंतीही येईल. एक लक्षात घ्या, इंटरनेटवर आवाज पोचायला जो क्षणभर उशीर होतो त्यामुळे सगळ्यांनी मिळून एका लयीत गाणं तिथे होतच नाही. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी आवाज बंद ठेवून आपापल्या घरी त्याच्याबरोबर म्हणायचं, इतकंच. तिथल्या मराठी शाळेत दर आठवड्याला भेटणारी पाच-सहा मुलं एका खोलीत बसवून कुणा मावशीने घेतलेला तास याहून बरा. त्या मावशीला तुम्ही गाणी आणि खेळ पाठवा. ळ आणि ण सुद्धा त्या गाण्यांतूनच सुधारतात.

कार्यक्रम

गणेशोत्सवात मंडळ विचारेलच. जून-जुलैत सुरू केलेला गट सप्टेंबरपर्यंत स्टेजवर उभा करायचा म्हणजे सगळा वेळ रांगेत उभं राहणं, ड्रेस आणि माइक यांत जातो. पहिल्या वर्षी नम्रपणे नाही म्हणा. त्याऐवजी नवरात्रात भोंडला करा, किंवा दिवाळीआधी एक नेहमीचाच तास पालकांसमोर घ्या, त्यांनाही गोलात बसवून. आमच्या अशा पहिल्या तासाला एक आजोबा सगळ्यांबरोबर आडवे झाले आणि तंबोरा ऐकता ऐकता खरंच घोरायला लागले. मुलांनी ती घरघर कुठल्या सुरात आहे ते शोधून काढलं.

दुसऱ्या वर्षी स्टेजवर जायचंच असेल तर तीन छोटी गाणी, दहा मिनिटं, माइक मुलांच्या तोंडाशी न लावता समोर थोडा उंचावर, आणि मागे पेटी-तबला एवढंच. ट्रॅक (आधीच रेकॉर्ड केलेली साथ) लावू नका. ट्रॅकची पट्टी मुलांसाठी नसते आणि एखादी ओळ चुकली तर तो मुलांसाठी थांबत नाही. तबलजी थांबतो.

मधेच आलेलं मूल

जानेवारीत कुणीतरी बदली होऊन येतं आणि नवीन मूल दारात उभं राहतं. गटाला तोवर सगळं येत असतं, त्याला काहीच नाही. पहिल्या दिवशी तंबोऱ्याचं ॲप चालू-बंद करण्याचं काम त्याच्याकडे द्या, त्याला तुमच्या शेजारी बसवा आणि खेळात ओढू नका. मागचं काही वेगळं शिकवायची गरज नसते. दोन-तीन आठवड्यांत ते इतरांकडूनच उचलतं. फक्त त्याच्या नावाची हाक प-ग मध्ये बसत नसेल, म्हणजे नाव चार अक्षरी असेल, तर ती कशी मारायची हे तास सुरू व्हायच्या आधी बाकीच्या मुलांना ठरवू द्या.